औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

पिंपरी-चिंचवडच्या मुलांपुढे औंध हे नाव उच्चारले की त्यांच्या डोळ्यांसमोर मुळेच्या पुलापलीकडील, सांगवीसमोरचे औंध उभे राहते. आज ज्या पुरुषाचे चरित्र सांगावयाचे आहे त्याचे औंध ते नव्हे. ते सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले एक लहानसे गाव आहे. पाऊस थोडा, जमीन हलकी, सभोवार उघडे माळ. आपल्या कारखान्यांत कामाला आलेल्या कित्येक कुटुंबांचे मूळ घर याच माण-खटावच्या मुलखात आहे. तेव्हा हे चरित्र आपल्यापैकी पुष्कळांना परके वाटणार नाही.

प्रथम एक अलीकडील गोष्ट सांगतो. १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ख्रिस्टीज या लंडनच्या जुन्या पेढीने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात केकू गांधी व त्यांच्या पत्नी खोर्शेद यांच्या खाजगी संग्रहातील चित्रे होती. केकू गांधी हे चित्रांचे व्यापारी. प्रथम चौकटी बनविण्याचा धंदा, पुढे १९६३ साली गॅलरी केमोल्ड ही चित्रविक्रीची पेढी, असा त्यांचा क्रम होता. तरुण चित्रकारांना कोणी विचारीत नव्हते, त्या काळी त्यांनी त्यांची चित्रे भिंतीवर लावली व गिऱ्हाईक मिळवून दिले. ते २०१२ साली वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या घरातील चित्रांवर बोली लागली. अशा लिलावांत मोठमोठ्या रकमा पुकारल्या जातात, हातोडा पडतो, आणि जी चित्रे वर्षानुवर्षे एका छपराखाली राहिली ती वेगवेगळ्या घरांना जातात. यात गैर काही नाही. ज्याची वस्तू त्याने ती विकावी, हा जगाचा न्यायच आहे; आणि चित्राला चांगला भाव येतो म्हणूनच चित्रकाराच्याही घरी चूल पेटते. तरीही एक प्रश्न मनात राहतोच. जन्मभर जमविलेले हे सुंदर धन जमविणाऱ्याच्या पश्चात कोणाचे व्हावे?

याच प्रश्नाचे उत्तर १९३८ साली एका संस्थानिकाने आपल्या परीने देऊन ठेवले आहे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ऊर्फ बाळासाहेब, हे त्यांचे नाव.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. मराठेशाहीत प्रतिनिधिपद भूषविणाऱ्या परशुराम त्रिंबक यांचे हे घराणे. पुण्यास कॉलेजचे शिक्षण घेऊन बाळासाहेब बी. ए. झाले. त्या दिवसांत संस्थानिकाच्या पुत्राने पदवीपर्यंत शिकावे, ही नेहमी घडणारी गोष्ट नव्हती. संस्कृत वाङ्मय, कीर्तन, व्यायाम आणि चित्रकला ही त्यांची चार आवडती क्षेत्रे. सूर्यनमस्कार ते नित्यनेमाने घालीत, आणि त्यांचा प्रसार करण्यासाठी त्यांनी पुस्तकही लिहिले. चित्रकलेची आवड तर नुसती पाहणाऱ्याची नव्हती. ते स्वतः कुंचला धरीत. १९१६ साली त्यांनी रामायणातील प्रसंगांच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि अजिंठ्याच्या लेण्यांवरही ग्रंथ लिहिला.

१९०९ साली ते गादीवर आले. संस्थान अगदी लहान, सुमारे ५०० चौरस मैलांचे, आणि तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे दूरदूर पसरलेले. उत्पन्न बेताचे आणि दुष्काळ वारंवार पाचवीला पुजलेला. अशा धन्याने चित्रे विकत घ्यावीत काय, असा प्रश्न विचारी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. रयतेच्या विहिरी कोरड्या पडत असता राजाने रंगविलेल्या कापडावर पैसा घालावा, हे दिसावयास बरे दिसत नाही. हा आक्षेप खोटा नाही, आणि चरित्र लिहिणाऱ्याने तो झाकून ठेवणेही बरे नव्हे. बाळासाहेबांनी पुढे काय केले, ते पाहूनच त्याचा निवाडा करावा लागतो.

पहिली गोष्ट आपल्या कारखान्यांच्या मुलखाला विशेष जवळची आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना आपला लहानसा कारखाना हलवावा लागला, तेव्हा त्यांना जागा देण्यास बाळासाहेब पुढे आले. कुंडल रोड स्टेशनानजीकचा ३२ एकर माळ त्यांनी देऊ केला. तेथे निवडुंगाची रानेच्या राने माजली होती. १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, व लोखंडी नांगर तेथून महाराष्ट्रभर गेले. ज्या माळावर कुसळही धड उगवत नव्हते, त्याची खरी किंमत एका कारागिराला व एका चित्रप्रेमी राजाला तेवढी कळली. चांगल्या वस्तूची पारख असणाऱ्याला चांगल्या माणसाचीही पारख असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरी गोष्ट विद्येची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे योजिले, त्यामागे बाळासाहेबांची प्रेरणा होती. १९१८ साली त्यांनी या कार्यास एक लाख रुपये देण्याचे वचन दिले, व ग्रंथासाठी चित्रेही सिद्ध केली. ते काम १९६६ साली पुरे झाले. वचन देणाऱ्याने ते पाहिले नाही, पण बी पेरणाराच नेहमी पीक कापतो असे थोडेच आहे? वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर हेही मूळचे चित्रकार. त्यांना बाळासाहेबांनी औंधास आश्रय दिला, आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाचे कार्य तेथे कित्येक वर्षे चालले. औंधच्या शाळेत गरिबांची मुले शिकली. साने गुरुजी काही काळ तेथे विद्यार्थी होते, आणि पुढे कवी म्हणून नावाजलेले ग. दि. माडगूळकर हेही तेथेच शिकले.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. इतर संस्थानिक आपला अधिकार मुठीत आवळून बसले असता, नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले. जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटना अमलात आली. ती तयार करताना महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला होता. चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी फार खटपट केली. गावोगाव लोकांनी आपली पंचायत निवडावी व तिने गावाचा कारभार पाहावा, अशी ही योजना होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली वसाहत काढून कैद्यांना शेतीच्या कामाला लावण्यात आले. पुढे १९५७ साली निघालेल्या ‘दो आंखें बारह हाथ’ या बोलपटाचे बीज याच प्रयोगात आहे.

आता संग्रहाकडे वळू. ज्या वर्षी सत्ता सोडण्याची घोषणा झाली, त्याच १९३८ साली औंधच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. यमाईच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू ज्या वाटेने चढतो, त्याच वाटेवर ही इमारत आहे. राजवाड्याच्या दिवाणखान्यात निवडक पाहुण्यांनी पाहावी अशी ही चित्रे देवीच्या वाटेवर आणून ठेवली गेली. तेव्हा मेंढपाळ, शेतकरी, डोक्यावर पाटी घेऊन आलेली माउली आणि शाळेतले पोर या सर्वांसाठी ते दार खुले झाले. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे तेथे आहेत. राजपूत व पहाडी शैलींतील लहान चित्रे आहेत, हस्तिदंती व चंदनी कोरीव काम आहे, आणि युरोपातील नामवंत चित्रांच्या नकलाही आहेत.

पाहणारा खरोखर थबकतो तो मात्र एका लहान शिल्पापाशी. माता व बालक हा त्याचा विषय, आणि हेन्री मूर हे ते घडविणाऱ्याचे नाव. मूर यांचा जन्म १८९८ साली इंग्लंडमधील कॅसलफर्ड येथे एका कोळसा-खाणीतील कामगाराच्या घरी झाला. विसाव्या शतकातील इंग्लंडचे सर्वांत नामांकित शिल्पकार म्हणून ते जगभर ओळखले गेले, आणि १९८६ साली वारले. त्यांच्या मूर्तींत नाकडोळे रेखीव नसतात; दगडाचा गोलवा व भार यांतूनच माया प्रकट होते. बाळासाहेबांची स्वतःची आवड जुन्या वळणाची, पुराणप्रसंग हुबेहूब रंगविण्याची. तरीही त्यांनी उभारलेल्या घरात या नव्या धर्तीच्या इंग्रजी शिल्पाला जागा मिळाली. लंडनच्या लिलावांत मूर यांच्या शिल्पांवर धनिकांची चढाओढ लागते, आणि खटाव तालुक्यातील एका डोंगरावर ते कोणाही यात्रेकरूला थोडक्या तिकिटात पाहावयास मिळते. खाणकामगाराच्या मुलाने घडविलेली आई शेतकऱ्याच्या मुलीने डोळे भरून पाहावी, हा योग जुळून आला तो संग्राहकाने आपला संग्रह कोणासाठी हे आधीच ठरविले होते म्हणून.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुष्कळ ठिकाणी विलीनीकरणानंतर वाड्यांतील सामान बाजारात आले, आणि झुंबरे, हत्यारे, चित्रे जिकडेतिकडे पांगली. औंधचा संग्रह जागच्या जागी राहिला. बाळासाहेब १९५१ साली वारले. संग्रहालयाची व्यवस्था पुढे सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आली.

मघाचा आक्षेप आता पुन्हा तपासून पाहावा. चित्रांवर खर्चलेल्या पैशातून आणखी काही विहिरी झाल्या असत्या, हे खरेच. पण ज्याने ओसाड माळ कारागिराला दिला, पैसा ग्रंथाला दिला, सत्ता रयतेला दिली आणि शेवटी चित्रेही रयतेच्याच वाटेवर ठेवली, त्याने ती केवळ हौसेखातर जमविली असे म्हणता येणार नाही. केकू गांधींनी चित्रे लोकांपर्यंत नेली ती विक्रीच्या मार्गाने, बाळासाहेबांनी नेली ती दानाच्या मार्गाने. दोन्ही मार्गांनी कलेची सेवा झाली. पण गरिबाच्या मुलाला दुसऱ्याच मार्गाने आत प्रवेश मिळतो, एवढा भेद लक्षात ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी रंगीत दगड. जमविण्याचा छंद चांगला आहे. तो नजर घडवितो. मात्र आपल्या पेटीचे झाकण कोणासाठी उघडे ठेवावयाचे, हे लहानपणीच ठरवून टाका. आणि पालकांस एक विनंती आहे. पुढच्या सुटीत गावी जाताना वाट थोडी वाकडी करून मुलांना औंधच्या डोंगरावर न्यावे. त्या दगडी मातेसमोर मुलाला क्षणभर उभे राहू द्यावे, आणि हे कोणाचे, असे त्याने विचारले तर, बाळा, हे तुझेच, असे निःशंकपणे सांगावे.