राजाच्या नावाचं घर : डॉ. दिनकर केळकर



महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा संपली की पुढचे आठ-दहा दिवस आमच्या वर्गात पाटी कमी आणि खेळणी जास्त दिसतात. यंदा चौथीतला एक मुलगा डब्यात कार्टूनमधली छोटी छोटी प्लास्टिकची पात्रं घेऊन आला. काही यात्रेतली, काही कुरकुऱ्यांसारख्या पुड्यांतून निघालेली. एकूण चौदा. संचातलं पंधरावं मिळत नाही म्हणून पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. त्याच्या वडिलांनी मला शाळेच्या फाटकाशी गाठलं आणि याला छंद म्हणायचं की नाद, असं विचारलं. मला चटकन उत्तर देता आलं नाही.

तसं पाहिलं तर मोठ्या शहरांत मोठी माणसंही हेच करतात. ॲनिमेशनपटातल्या पात्रांचे पुतळे मर्यादित संख्येत निघतात. कंपनी आधीच ठरवते, इतकेच बनवायचे. मग तळाला क्रमांक, सोबत प्रमाणपत्र आणि किंमत विचारूच नका! काही जण तर खोकंसुद्धा उघडत नाहीत. म्हणजे वस्तू दुर्मीळ होते ती कारखान्यात ठरवून.

या सगळ्यावरून मला पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर आठवले. डी.एड.ला असताना सहलीत त्यांचं संग्रहालय पाहिलं होतं. तेव्हा घाईत पाहिलं, याची आजही चुटपुट आहे. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मुलांना त्यांचीच गोष्ट सांगितली.

केळकरांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. घरचा धंदा चष्म्याचा. म्हणजे ना राजेरजवाडे, ना जहागीरदार. चष्मे विकून पोट भरणारा माणूस. मन मात्र कवीचं. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत. लोक त्यांना काकासाहेब म्हणत.

1920 च्या आसपास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा छंद लागला. आता जुन्या वस्तू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी, सोनंनाणं येतं. केळकरांचं मन रमलं ते अडकित्त्यात, दिव्यात, फणीत, दौतीत, कुलपात, पाय घासायच्या वज्रीत. रोजच्या हाताळण्यातल्या वस्तू! सुपारी कातरायला साधं पातं पुरलं असतं, तरी कुणा कारागिराने त्या अडकित्त्याला माणसांचे, प्राण्यांचे आकार दिले. वज्रीवर मोर, हत्ती बसवले. या कारागिरांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्या वस्तू दुर्मीळ झाल्या त्या कुणी ठरवल्या म्हणून नव्हे. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, स्टील आणि विजेचे दिवे येत होते आणि घराघरांतून पितळ मोडीत जात होतं. मोडीत जाण्याआधी जे हाताला लागलं ते केळकरांनी उचललं. पुण्यापुरतं नाही, गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडचा प्रदेश, सगळीकडून जमवलं. यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. दुकानाच्या कमाईवर चाललेल्या संसारात असा छंद पोसायचा म्हणजे घरातल्या बाईला काय काय सोसावं लागलं असेल, हे मला आईकडे पाहून कळतं. आमच्याकडे वडिलांच्या पुस्तकांवरून किती भांडणं झाली आहेत!

आमच्या वर्गाच्या दृष्टीने सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे तिथली पैठण शैलीतली चित्रकथीची चित्रं. चित्रकथी हा गावोगाव फिरणारा कलावंत. रामायण-महाभारतातल्या एकेका प्रसंगाचं चित्र लोकांपुढे धरायचं, गात गात कथा सांगायची, मग पुढचं चित्र. मोठ्या डोळ्यांची ती पात्रं एकामागून एक येतात आणि गोष्ट पुढे सरकते. कार्टून तरी दुसरं काय करतं? तिथे एका सेकंदात कितीतरी चित्रं सरकतात, इथे चित्रकथी आपल्या गळ्याच्या चालीवर सरकवायचा. हे सांगितल्यावर आमचा चौदा पात्रांचा मालक पहिल्यांदा मान वर करून ऐकायला लागला.

1960 पर्यंत केळकरांकडे सुमारे 15,000 वस्तू झाल्या होत्या. आज ती संख्या 20,000 च्या वर आहे, आणि जागेअभावी त्यातल्या थोड्याच मांडता येतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. एका चष्मेवाल्याने महाल उचलून आणला, यावर वर्गात दहा मिनिटं गलका झाला.

आणि मग एका मुलीने विचारलं, संग्रहालय दिनकर केळकरांचं, तर नावात राजा का? ते राजे होते का?

राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांचा असताना तो गेला. 1962 मध्ये शुक्रवार पेठेत, नातू बागेत संग्रहालय उभं राहिलं, त्याला केळकरांनी मुलाचं नाव दिलं. वर्ग एकदम शांत झाला. सात म्हणजे आमच्या दुसरीतलं पोर. त्या संग्रहात लहान मुलांची खेळणी, बाहुल्याही आहेत. त्या हातात घेताना त्या बापाच्या मनात काय येत असेल, हे मी मुलांना समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. मलाही दुसरीत शिकणारा मुलगा आहे.

पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेलं, मुलाच्या नावाचं, आणि स्वतःच्या हयातीत दिलं. पुणे विद्यापीठाने त्यांना मानद डी.लिट. दिली. 17 एप्रिल 1990 रोजी ते गेले.

इथे आपल्या भागातल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. गोष्ट ऐकून दोन मुलं मधल्या सुट्टीत देवळाकडे निघाली होती, कोरलेला दगड आणायला! मार्कंडेश्वराचं मंदिर संरक्षित स्मारक आहे. तिथला एक तुकडाही उचलायचा नाही, आणि सापडला तर जागच्या जागी ठेवून मोठ्यांना सांगायचं, हे मुलांना आधीच बजावून ठेवा. मी विसरलो होतो. केळकरांनी वस्तू आणल्या त्या लोकांच्या घरांतून, बाजारातून. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने आता त्यावरही बंधनं आहेत.

म्हणून आम्ही वर्गात वस्तू न आणता वही केली. घरातल्या एका जुन्या वस्तूचं चित्र काढायचं. खाली नाव, कशासाठी वापरत, कुणी बनवली, आता कुठे आहे. पायली आली, जातं आलं, अडकित्ता आला, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी तर पाच आले. कुणी बनवली या रकान्यात बहुतेकांनी माहीत नाही असंच लिहिलंय.

चौदा पात्रांवाल्याने आजोबांनी त्याच्या वडिलांसाठी केलेला नंदी काढलाय. एक चाक नाही त्याला. बनवणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचं पूर्ण नाव आहे, आणि किती बनवले हा रकाना वहीत नसतानाही त्याने स्वतःच आखून त्यात लिहिलंय, एक.