मांडवीतला ताप

डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ चा, गोव्यातल्या बार्देशमधल्या हडफडे गावचा. पोर्तुगीज अमलातला हा मुलगा शिकायला मुंबईला आला, सेंट झेवियर्स शाळेत गेला आणि १८८० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल.एम.अँड एस. होऊन बाहेर पडला, तोही पहिल्या वर्गात. त्या काळी डॉक्टरकीची हीच नेहमीची पदवी. साथी, सांडपाणी, पिण्याचं पाणी, म्हणजे शहराच्या तब्येतीचं वेगळं शिक्षण म्हणाल तर भारतात नव्हतंच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७१ मध्ये त्याची पदविका सुरू केली होती, पण ती मिळवायला बोट गाठावी लागे. कलकत्त्याची हायजीन आणि पब्लिक हेल्थची संस्था उघडली ती थेट १९३२ मध्ये.

या माणसाच्या मागे मी लागले ते आमच्या घरातल्या वादामुळे. माझी मावसताई बी.डी.एस. झालीय आणि आता तिला एम.पी.एच. करायचंय, मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. महाराणा प्रताप नगरात (एम.पी. नगर म्हटल्याशिवाय ऑटोवाल्याला कळत नाही) झोन वन असो की झोन टू, क्लासेसच्या पाट्यांवर नीट आहे, पीएससी आहे, बँक आहे. एम.पी.एच.ची पाटी मला अजून दिसलेली नाही. काकांचं म्हणणं असं की दोन वर्षं आणि एवढे पैसे घालून शेवटी दारावर पाटी लावायची सनद मिळणार नाही ती नाहीच. ते खरंच आहे. भारतात पहिला एम.पी.एच. अभ्यासक्रम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ मध्ये सुरू झाला, पण त्या पदवीने पेशंट तपासायचा परवाना मिळत नाही. मावशी मध्ये पडत नाही, चहा ठेवते.

तर व्हिएगस. त्यांचा दवाखाना मांडवीत, बंदराजवळ, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. १८८८ पासून ते महापालिकेचे सभासदही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे तापाचे पेशंट येऊ लागले. जांघेत, काखेत गाठी, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. वखारींतून उंदीर मरून पडत होते. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ येऊन गेली होती, तिथेच यर्सिनने त्याचा जंतू ओळखला होता, आणि तिथली जहाजं मुंबईच्या बंदराला लागत होती. व्हिएगस यांनी निदान केलं : गाठीचा प्लेग. आणि ते पालिकेत उभं राहून बोलून दाखवलं.

मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. गाठ ओळखणं ही डिग्रीची कामगिरी झाली. पण त्या शब्दाचा अर्थ होता बंदराला क्वारंटाइन, कापसाचा व्यापार ठप्प, शहरात पळापळ. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी हा कुठला तरी वेगळ्या प्रकारचा ताप आहे असं म्हणून वेळ काढली. (आजाराला किंवा वायूला नाव द्यायला वरची माणसं किती कचरतात, हे १९८४ नंतर भोपाळवाल्यांना कुणी समजावायला नको.) बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून व्हिएगस यांचं निदान बरोबर ठरवलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. तोवर लोक गाड्या भरभरून शहर सोडत होते. त्या हिवाळ्यात मुंबई जवळजवळ निम्मी रिकामी झाली. पुढच्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारने वाल्डेमार हाफकिनला बोलावलं. हा ओडेसाचा, प्राणिशास्त्र शिकलेला, डॉक्टरकीची पदवी नसलेला माणूस! ग्रँट कॉलेजातल्या एका खोलीत आणि व्हरांड्यात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले, तेव्हा सगळं खापर त्याच्यावर फुटलं. तो निर्दोष होता हे ठरायला पाच वर्षं लागली. तो मेडिकलवाला असता तर त्याला इतकं सोसावं लागलं असतं का, हा प्रश्न काकांच्या बाजूने जातो हे मला मान्य आहे.

व्हिएगस मात्र घरोघर फिरत राहिले. झोपडपट्ट्या साफ करा, उंदीर मारा, हा त्यांचा धोशा. लसीच्या बाजूने ते उभे राहिले आणि त्यांनी स्वतः सुमारे १८ हजार लोकांना ती टोचली असं सांगतात. लोक तेव्हा लसीलाही घाबरायचे आणि घरं तपासायला येणाऱ्या गोऱ्या सोल्जरांना तर जास्तच. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरायचा अधिकार दिला होता. पण कायद्याने उघडलेलं दार आणि ओळखीच्या डॉक्टरला पाहून उघडलेलं दार, यांत फरक असणारच. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला १९१२ मध्ये. मांडवीतल्या माणसांनी व्हिएगसना ओळखलं ते नोंदणी नंबराशिवायच.

१९०६ मध्ये ते पालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ मध्ये ते वारले, म्हणजे कलकत्त्याची संस्था उघडल्यावर एका वर्षाने. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. बसची वाट बघणारे त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.