नाणी तोलणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. गणिताचे अभ्यासक त्यांना गणिती म्हणून ओळखतात, इतिहासाचे विद्यार्थी इतिहासकार म्हणून, तर संस्कृतज्ञांना ते भर्तृहरीच्या शतकांचे साक्षेपी संपादक म्हणून ठाऊक असतात. या तिन्ही क्षेत्रांतील त्यांची कामगिरी परस्परांशी कशी जोडलेली होती, याचा विचार मात्र क्वचितच होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून बहुविद्याशाखीय शिक्षणाचा उद्घोष सुरू झाला आहे. अशा वेळी हा जीवनक्रम पुन्हा एकदा न्याहाळणे उद्बोधक ठरावे.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे प्रकांड पंडित. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते १९१८ साली अमेरिकेस गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. शालेय शिक्षण केंब्रिज या तेथील गावी झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत संपादन केली. त्याच वर्षी मायदेशी परतून बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापनास आरंभ केला. १९३१ साली आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या आमंत्रणावरून ते अलीगढला गेले, आणि तेथून पुण्यास येऊन १९४५ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत राहिले.

मार्गावकाशांच्या भूमितीवरील त्यांच्या संशोधनाशी एली कार्तां व चर्न या दोन थोर गणितज्ञांची नावे आजही जोडली जातात. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. यादृच्छिक फलनांचे विश्लेषण करण्याची जी पद्धत त्यांनी १९४३ साली मांडली, ती पुढे कारहुनेन व लोएव यांच्या नावाने जगात रूढ झाली. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्यासाठी त्यांनी दिलेले सूत्र मात्र आनुवंशशास्त्रात त्यांच्याच नावाने वापरले जाते. एखाद्या गणितज्ञाच्या आयुष्याचे सार्थक होण्यास एवढे पुरेसे होते. परंतु संख्याशास्त्राची उपयुक्तता पडताळून पाहण्यासाठी त्यांनी जे उदाहरण निवडले, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

ते उदाहरण होते तक्षशिलेस सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे. या नाण्यांवर राजाचे नाव नाही आणि काळाचा निर्देशही नाही. आहेत त्या केवळ ठोकून उमटविलेल्या खुणा. कोसंबींचा विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. टांकसाळीतून बाहेर पडलेली नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात; चलनात ती जितका काळ राहतील तितके त्यांचे सरासरी वजन घटत जाते आणि त्यांच्या वजनांतील परस्पर तफावत वाढत जाते. आपल्या काळातील वर्ष छापलेली नाणी सूक्ष्म तराजूवर तोलून त्यांनी हा नियम आधी पडताळून पाहिला, आणि मगच तो प्राचीन नाण्यांना लावला. तेव्हा असे दिसून आले की, मागील बाजूस जितक्या अधिक खुणा, तितके नाणे हलके. या खुणा व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुकी नाणी अशा रीतीने कालक्रमाने लावता येऊ लागली. कोणती नाणी कोणत्या राजवंशाची, याविषयीची त्यांची सारी अनुमाने पुढील नाणकशास्त्रज्ञांनी स्वीकारली नाहीत हे खरे; पण पद्धतीचे मोल त्यामुळे उणावत नाही.

नाणी कोणी पाडली, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्याच्या उत्तरासाठी प्राचीन ग्रंथांकडे वळणे भाग होते आणि ग्रंथांसाठी संस्कृत आवश्यक होते. पाठचिकित्सेत त्यांना महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक डॉ. वि. सी. सुखठणकर यांचे मार्गदर्शन लाभले. सुखठणकरही मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, हा योग लक्षणीय म्हणावा लागेल. शेकडो हस्तलिखिते तपासून कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध केली. वि. वि. गोखले यांच्यासमवेत संपादिलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

ग्रंथांनीही सर्व शंकांचे निरसन होईना, तेव्हा कोसंबी पायी हिंडू लागले. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, धनगरांच्या वाटा, म्हसोबाची व ग्रामदेवतांची ठाणी, तेथे आढळणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे, कार्ल्याच्या लेण्यांतील दानलेख ही त्यांची साधने बनली. लेणी व्यापारी मार्गांलगत का खोदली गेली, विहारांना दाने कोणी दिली, या आर्थिक प्रश्नांतून त्यांनी बौद्ध संघाचा इतिहास पाहिला. राजांच्या वंशावळींच्या जागी उत्पादनाची साधने आणि उत्पादन करणारी माणसे इतिहासाच्या केंद्रस्थानी आणणारा त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. ते मार्क्सवादी होते. मात्र भारतीय समाजाला परक्या देशाचा साचा जसाच्या तसा लावणाऱ्या मार्क्सवाद्यांवरही त्यांनी कठोर टीका केली.

या स्वातंत्र्याची किंमत त्यांना मोजावी लागली. डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले होते आणि डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करीत. संगणक यंत्रांच्या अभ्यासासाठी युनेस्कोने १९४८-४९ साली त्यांना इंग्लंड-अमेरिकेस पाठविले होते. पुढे मात्र त्यांनी अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारतास अधिक हितावह असल्याचे उघडपणे प्रतिपादिले, आणि अणुशक्तीच्या कार्यक्रमाचे सूत्रधार भाभाच होते. रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपल्याला गवसली, असा दावा त्यांनी एका कृषी-संख्याशास्त्रीय नियतकालिकातून केला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसला. १९६२ साली संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे देहावसान झाले. ज्या इतिहासशास्त्राला त्यांनी नवे वळण दिले, त्याचे अध्यापकपद त्यांनी आयुष्यात कधीही भूषविले नाही.

या जीवनातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, एका विद्याशाखेतून दुसरीत जाताना कोसंबी त्या शाखेची शिस्त पूर्णतः अंगीकारीत. नाणी स्वतः तोलीत, पोथ्या स्वतः पडताळीत. चार शाखांतील श्रेयांक गोळा करून गुणपत्रिका भरेल, पण अशी दृष्टी त्यातून लाभेलच असे नाही. त्यासाठी विद्यार्थ्यापाशी स्वतःचा प्रश्न असावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. असा प्रश्न घेऊन कुंपणे ओलांडणारा माणूस कधी चुकणार, कधी वरिष्ठांना न रुचणारे बोलणार. त्याला सामावून घेण्याची तयारी नसेल, तर धोरणातील बहुविद्याशाखीयता कागदावरच राहील. कोसंबींचे स्मरण करताना आपल्या विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावयास हवे.