हाल्डेन आणि त्यांच्या शेळ्या

सोड्याची बाटली फटकन उघडली की काय होतं ते आपण कॅन्टीनमध्ये रोज बघतो. दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुडे होऊन उसळतो. हेच माणसाच्या रक्तात झालं तर? या प्रश्नाचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

जॉन स्कॉट हाल्डेन यांचा जन्म १८६० चा, एडिंबरोचा. शिकले डॉक्टरकी, पण दवाखाना थाटून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते खाणीत उतरायचे, गटारांतली हवा तपासायचे. विषारी वायूचा परिणाम बघायचा तर आधी स्वतः हुंगायचा, असा त्यांचा खाक्या! खाणीतल्या स्फोटांत बरेचसे कामगार भाजून नाही, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिलं.

त्या काळी पाणबुडे खोलातून वर आले की सांधे धरून कळवळायचे. कुणी लुळे पडायचे, कुणी दगावायचे. ब्रिटिश नौदलासाठी हाल्डेन कामाला लागले. पोलादी टाकीत शेळ्या ठेवायच्या, दाब वाढवायचा, मग उतरवायचा. शेळीने पुढचा पाय उचलून धरला की समजायचं, सांधा दुखतोय. त्यातून नियम निघाला : दाब निम्म्यावर आणला तरी शरीर सहसा सोसतं, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यायचं. १९०६ मध्ये दोन नौदल अधिकारी २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. १९०८ मध्ये तक्ते छापले गेले.

१९३६ मध्ये हाल्डेन गेले. पुढे खोल आणि लांब डुबक्यांसाठी त्यांचे आकडे अपुरे ठरले, तक्ते सुधारले. टप्प्यांची कल्पना मात्र टिकली. आज तेलविहिरींवरचे सॅच्युरेशन पाणबुडे कित्येक दिवस दाबाच्या चेंबरमध्येच राहतात. शंभर मीटरच्या दाबातून बाहेर यायला चारेक दिवस लागतात. घाई चालतच नाही. १९८३ मध्ये उत्तर समुद्रात बायफर्ड डॉल्फिन रिगवर चेंबरचा ९ वातावरणांचा दाब क्षणात उतरला. पाच जण गेले.

म्हणूनच जहाजाला आग लागली तरी चेंबरमधल्यांना नुसतं दार उघडून पळता येत नाही. त्यांना दाबासकट नेणारी लाइफबोट हवी. २७ जुलै २००५ ला आपल्या मुंबई हायच्या आगीत सहा पाणबुडे चेंबरमध्ये अडकले होते. सुटका झाली ती सुमारे ३६ तासांनी.

तेव्हा उद्या डिझाइन करायला बसाल तेव्हा एवढंच विचारा : अलार्म वाजल्यावर ज्याला पळता येत नाही, त्याची सोय काय?