रमाबाई रानडे यांची इंग्रजी

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रमाबाई महादेव गोविंद रानड्यांच्या घरात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीनेच आधी मराठी शिकवले, मग इंग्रजीची गोडी लावली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला रोजचाच! रमाबाई मुकाट्याने ऐकून घेत आणि शब्द पाठ करीत. (आमच्या घाटकोपरच्या खोलीत मी स्पेलिंग घोकू लागले की आई टीव्ही बारीक करते, तरी माझे निम्मे शब्द सकाळपर्यंत पसार!) पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारे इंग्रजी निवेदन रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांसमोर वाचले. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. १९०१ साली वैधव्य आले. नंतर पुण्याचे सेवासदन त्यांनी वाढवले. १९२४ मध्ये त्या निवर्तल्या. एवढे इंग्रजी कमावूनही आयुष्यातल्या आठवणी मात्र त्यांनी मराठीतच लिहिल्या.