विश्लेषण : छळाच्या वेळी लपून राहिलेले बिशप पुढे हुतात्मा कसे ठरले? कार्थेजच्या सिप्रियन यांनी काय केले?

रोमन साम्राज्यातील प्रत्येकाने देवांपुढे बळी द्यावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा, असा हुकूम इ.स. २४९-२५० च्या हिवाळ्यात निघाला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात असंख्य ख्रिस्ती लोकांनी तो मुकाट्याने पाळला. काहींनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले. त्यांचे बिशप सिप्रियन मात्र गुपचूप शहराबाहेर पडले. सव्वा वर्षाने ते परतले, तेव्हा बळी देऊन आलेल्या हजारोंना चर्चमध्ये परत घ्यायचे की नाही, याचा निवाडा त्यांनाच करायचा होता. पळून गेल्याचा ठपका तर त्यांच्यावरही होताच.

सिप्रियन कोण होते?

कार्थेजचे अवशेष आज ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसला लागून आहेत. तिसऱ्या शतकात मात्र ते रोमन आफ्रिकेतील सर्वात मोठे शहर होते. थॅशियस सिसिलियस सिप्रियॅनस हे तेथील सधन घराण्यातले, वक्तृत्वशास्त्राचे नावाजलेले शिक्षक. त्या काळी वक्तृत्व ही वकिलीची आणि सरकारी पदांची वाट होती, त्यामुळे शहरातील बड्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. ख्रिस्ती झाले ते चाळिशीच्या आसपास, इ.स. २४६ च्या सुमारास. एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासाचा तो परिणाम. मालमत्तेचा मोठा भाग विकून त्यांनी गरिबांना वाटला. दोन-तीन वर्षांतच लोकांच्या आग्रहामुळे ते बिशप झाले. वर्षानुवर्षे सेवा केलेल्या पाच धर्मगुरूंना हे रुचले नाही. काल आलेला माणूस आज गादीवर बसला, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. हे पाच जण पुढे भारी पडले.

डेसियसचा हुकूम नेमका काय होता?

त्याआधी ख्रिस्ती लोकांचा छळ होत असे तो गावोगावी, प्रसंगापुरता. कुठे जमाव खवळला, कुठे एखादा प्रांताधिकारी कडक निघाला, एवढेच. सरहद्दीवर शत्रू आणि राजधानीत सत्तेसाठी मारामाऱ्या, अशा अवस्थेत इ.स. २४९ मध्ये डेसियस सम्राट झाला. देव प्रसन्न झाले तर साम्राज्य सावरेल, या समजुतीने त्याने सर्व प्रजेला कामाला लावले. नेमलेल्या समितीसमोर जायचे, बळी द्यायचा, मद्याची धार सोडायची, बळीचे मांस चाखायचे आणि दाखला घ्यायचा.

हे दाखले कसे असत, हे आपल्याला चक्क पाहता येते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरस सापडले आहेत. एक दाखला ७२ वर्षांच्या ऑरेलियस डायोजेनिसचा आहे. नाव, बापाचे नाव, गाव, वय आणि ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण, असा सगळा तपशील त्यात आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, तरी तसे प्रमाणित करावे, असा अर्ज आणि खाली तारीख : २६ जून २५०. सरकारी अर्जातला ‘ओळखीची खूण’ हा रकाना किती जुना आहे, याची ही गंमतशीर साक्ष म्हणायची. दुसरा एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. म्हणजे जिचे पोटच देवपूजेवर चालत होते, तिलाही रांगेत उभे राहावे लागले. या दाखल्यांत ख्रिस्ती धर्माचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणूनच हुकुमाचा रोख मुळात ख्रिस्ती लोकांवर होता का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणाम मात्र सर्वाधिक त्यांच्यावरच झाला.

कार्थेजमध्ये काय घडले, ते सिप्रियन यांनी पुढे एका निबंधात लिहून ठेवले. अटकेची वाट न पाहता लोक आपणहून मंदिराकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत होते, तर आजच उरकून घ्या, अशी विनवणी लोक करत होते. कडेवरच्या पोरांनाही आईबापांनी वेदीपाशी नेले. काहींनी नुसता धूप जाळला. काही हुशार निघाले. त्यांनी अधिकाऱ्यांना पैसे चारून, बळी न देताच दाखला मिळवला.

बिशप का लपले?

रोमचे बिशप फेबियन यांचा जानेवारी २५० मध्ये छळात मृत्यू झाला होता. कार्थेजच्या सर्कशीत जमलेला जमाव सिप्रियन यांना सिंहापुढे टाका म्हणून ओरडत होता. त्यांची मालमत्ता जप्त झाली. आपण शहरात राहिलो तर लोक आणखी चिथावले जातील आणि सगळ्या मंडळींवर संकट येईल, असे त्यांचे म्हणणे होते. लपलेल्या ठिकाणाहून ते तुरुंगातील माणसांसाठी आणि गरिबांसाठी पैसे पाठवत, धर्मगुरूंना सूचना देत, पत्रांमागून पत्रे लिहीत.

रोमला हे पटले नाही. तेथील धर्मगुरूंनी कार्थेजला पत्र पाठवले, त्यात फेबियन यांच्या मरणाचे कौतुक होते आणि कळप सोडून जाणाऱ्या मेंढपाळांना टोमणाही. सिप्रियन यांनी ते पत्र परत पाठवले आणि हस्ताक्षर, मजकूर, कागद सगळेच संशयास्पद वाटते, तरी हे तुमचेच आहे का ते तपासून सांगा, असे कळवले. वक्तृत्वाच्या मास्तरांना साजेसा टोला! पण टोल्याने प्रश्न मिटत नव्हता, हेही त्यांना कळत होते. म्हणून नंतर त्यांनी लपलेल्या काळातील आपल्या तेरा पत्रांच्या नकला हिशेब दिल्यासारख्या रोमला धाडल्या.

माफीची पत्रे कोण वाटत होते?

तुरुंगात हाल सोसूनही न डगमगलेल्यांना चर्चमध्ये मोठा मान होता. अशा माणसाने रदबदली केली, तर पतिताच्या पापाचा विचार सौम्यपणे करावा, असा प्रघात होता. आता हजारो पतित आणि तुरुंगात मोजके वीर, अशी स्थिती आली. लोक तुरुंगाच्या दाराशी चिठ्ठ्यांसाठी गर्दी करू लागले. अमक्याला त्याच्या माणसांसह परत घ्यावे, एवढेच काही चिठ्ठ्यांत लिहिलेले असे. त्याच्या माणसांसह म्हणजे किती? अशा एका ओळीवर वीस-वीस, तीस-तीस जण आत येतील, ही सिप्रियन यांची तक्रार होती. ल्यूशियन नावाच्या कैद्याने तर एका हुतात्म्याच्या नावाने सरसकट सगळ्यांनाच माफी देऊन टाकली.

जुने पाच विरोधक इथे पुढे सरसावले. त्यांच्या बाजूचे धर्मगुरू पतितांना कोणतेही प्रायश्चित्त न घेता प्रभुभोजनाला बसवू लागले. फेलिसिसिमस या डीकनने उघड वेगळी चूल मांडली. सिप्रियन यांची अडचण खरी होती. तुरुंगात चाबूक खाल्लेल्या माणसाला, लपून बसलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने थांबवायचे?

मग तोडगा काय निघाला?

जून २५१ मध्ये गॉथ टोळ्यांशी लढताना डेसियस मारला गेला. छळ त्याआधीच ओसरला होता आणि ईस्टरनंतर सिप्रियन परतले होते. त्यांनी आफ्रिकेतील बिशपांची परिषद बोलावली. पैसे देऊन दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर, प्रत्येकाची चौकशी करून, परत घ्यावे असे ठरले. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, मरणाच्या दारात असतील तेव्हा त्यांना सामावून घ्यावे. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा हे कलमही सैल झाले. लोकांना लढायला पाठवायचे आणि शिदोरी द्यायची नाही, हे बरे नव्हे, असा विचार त्यामागे होता.

नियमापेक्षा महत्त्वाची होती ती चौकशीची रीत. धमकी येताच स्वतःहून धावलेला आणि दीर्घकाळ झगडून शेवटी मोडलेला, हे दोघे सारखे नाहीत, असे सिप्रियन एका पत्रात सांगतात. बायकापोरांना आणि नोकरांना वेदीपर्यंत ओढत नेणारा वेगळा. घरातल्या सगळ्यांना वाचवण्यासाठी एकटाच पुढे होऊन बळी देणारा वेगळा. सगळ्यांना एकाच तराजूत तोलायला त्यांनी नकार दिला.

रोममध्ये उलट टोकाचे वारे वाहत होते. विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन यांचे म्हणणे होते की बळी देणाऱ्यांना चर्चने कधीच माफ करू नये. बिशपपदी कॉर्नेलियस निवडून आल्यावर नोव्हेशियन यांनी स्वतःला प्रतिबिशप करून घेतले आणि फूट पडली. सिप्रियन कॉर्नेलियस यांच्या बाजूने उभे राहिले. एकीकडे सरसकट माफी, दुसरीकडे कायमची हकालपट्टी. दोन्ही नाकारून त्यांनी निवाड्याचा अधिकार बिशपच्या हाती दिला. त्यात त्यांची स्वतःची खुर्चीही पक्की झाली, हे नाकारता येत नाही. चर्चच्या एकीवरचा त्यांचा गाजलेला निबंध याच भांडणातून आला.

साथ आली तेव्हा...

इतक्यात भयंकर साथ कार्थेजला पोहोचली. जुलाब, उलट्या, घशात आग, रक्ताळलेले डोळे, हातपाय गळून पडणे, बहिरेपण, आंधळेपण अशी लक्षणे सिप्रियन यांनी नोंदवली. त्यांच्याच लिखाणामुळे इतिहासात ती ‘सिप्रियनची साथ’ म्हणून ओळखली जाते. लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत असताना त्यांनी सेवेची कामे वाटून दिली आणि ख्रिस्ती नसलेल्यांकडेही बघा म्हणून बजावले, असे त्यांचे चरित्रकार डीकन पाँटियस सांगतात. न्युमिडियात लुटारूंनी पळवलेल्या ख्रिस्ती लोकांच्या सुटकेसाठी त्यांच्या मंडळींनी १ लाख सेस्टर्स जमवले.

रोमशी वाद का झाला?

पतितांबाबत मऊ झालेला हा माणूस एका बाबतीत दगड होता. नोव्हेशियनच्या किंवा अन्य पाखंडी पंथात बाप्तिस्मा घेतलेला कोणी चर्चमध्ये आला, तर तो बाप्तिस्मा धरायचा का? रोमचे नवे बिशप स्टीफन म्हणाले, धरायचा, डोक्यावर हात ठेवून स्वीकारावे, तेवढे पुरे. सिप्रियन म्हणाले, चर्चबाहेर बाप्तिस्माच नाही, तर धरणार काय? १ सप्टेंबर २५६ च्या परिषदेत आफ्रिकेच्या ८७ बिशपांची मते त्यांच्या बाजूने नोंदली गेली. स्टीफन यांनी संबंध तोडण्याची भाषा केली. दुसऱ्या वर्षी ते वारले आणि वाद अर्धवट राहिला. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे रोमचेच मत घेतले. चौथ्या शतकात डोनॅटिस्ट पंथाने सिप्रियन यांचा दाखला देत आफ्रिकेत मोठी फूट पाडली, तेव्हा सिप्रियन संत खरे, पण या मुद्द्यावर चुकले, हे पटवून देताना ऑगस्टीन यांना बरीच कसरत करावी लागली.

दुसऱ्यांदा लपले, ते कशासाठी?

सम्राट व्हॅलेरियनने इ.स. २५७ मध्ये थेट चर्चच्या नेत्यांवर हात टाकला. ३० ऑगस्टला सिप्रियन प्रांताधिकारी पॅटर्नससमोर उभे राहिले. इतर धर्मगुरूंची नावे त्यांनी सांगितली नाहीत. चहाडी तर तुमच्याच कायद्याला मान्य नाही, असे सुनावले. त्यांना क्युरुबिस या किनाऱ्यावरच्या गावी हद्दपार केले गेले. पुढच्या वर्षीचा हुकूम अधिक कडक होता : बिशप, धर्मगुरू, डीकन यांना तत्काळ देहदंड. रोमचे बिशप सिक्स्टस यांचा ६ ऑगस्ट २५८ रोजी वध झाला.

सिप्रियन तोवर कार्थेजजवळच्या आपल्या बागेत परतले होते. प्रांताधिकारी गॅलेरियस मॅक्सिमस तेव्हा युटिका शहरात होता आणि त्यांना तिकडे नेण्यासाठी शिपाई निघाल्याची खबर आली. सिप्रियन पुन्हा लपले. शेवटच्या पत्रात त्यांनी कारण लिहिले : बिशपने साक्ष द्यायची ती आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर. गॅलेरियस कार्थेजला येताच ते बागेत परतून बसले.

१३ सप्टेंबरला अटक झाली. ती रात्र त्यांनी एका अधिकाऱ्याच्या घरी काढली आणि लोक बाहेर रस्त्यावर जागत राहिले. सकाळी चालून ते घामाने भिजले होते. एकेकाळी ख्रिस्ती असलेल्या एका सैनिकाने आपले कोरडे कपडे पुढे केले. आज संपणाऱ्या त्रासावर इलाज कशाला, अशा अर्थाचे काही बोलून सिप्रियन यांनी ते नाकारले. सुनावणी थोडक्यात आटोपली. बळी द्यायला नकार, तलवारीने वधाची शिक्षा आणि त्यावर सिप्रियन यांनी देवाचे मानलेले आभार. माळावर लोक झाडांवर चढून पाहत होते. त्यांनी अंगरखा काढला, मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगितली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. लोकांनी त्यांच्यापुढे कापडे पसरली होती. रात्री मशाली पेटवून त्यांना पुरायला नेले.

थोड्याच दिवसांत गॅलेरियस वारला. व्हॅलेरियन इ.स. २६० मध्ये इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला आणि त्याचा मुलगा गॅलियनसने छळ थांबवला.

मृत्यू १४ सप्टेंबरचा असला तरी तो दिवस पवित्र क्रुसाच्या सणाचा असल्याने कॅथलिक कॅलेंडरमध्ये सिप्रियन यांचा स्मृतिदिन १६ सप्टेंबरला येतो, तोही कॉर्नेलियस यांच्यासोबत. वसई-गोव्याच्या चर्चमध्येही हेच कॅलेंडर चालते. मिस्साच्या प्राचीन रोमन प्रार्थनेत सिक्स्टस, कॉर्नेलियस आणि सिप्रियन ही नावे लागोपाठ घेतली जातात. ज्यांच्याशी बाप्तिस्म्यावरून खडाजंगी झाली, ते रोमचे बिशप स्टीफन त्या यादीत नाहीत.