संत नामदेव महाराज व माता गोणाई

श्रीक्षेत्र गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी होय. गोदातीरीच्या या गावातून त्या बालवयातच पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी गेल्या व आयुष्यभर त्या घरच्याच होऊन राहिल्या. याच घरातील माता गोणाई व तिचे पुत्र संतशिरोमणी नामदेव महाराज यांचे नाते प्रत्येक भाविकाने समजून घ्यावे असे आहे.

नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२ (इ.स. १२७०) मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. नरसी बामणी हे त्यांच्या घराण्याचे गाव. ते पूर्वी परभणी जिल्ह्यात होते, दि. १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. पुत्र व्हावा म्हणून गोणाईने विठ्ठलास नवस केला होता, असे परंपरा सांगते. नवसाने लाभलेला हा पुत्र पुढे त्याच विठ्ठलाच्या भजनात देहभान विसरला.

महाराजांचा विवाह राजाईंशी झाला. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या असा संसार वाढला. परंतु शिवणकामाकडे व प्रपंचाकडे महाराजांचे लक्ष नव्हते. घरात दारिद्र्य आले. लेकराबाळांचे पोट कसे भरावे, ही चिंता वृद्धत्वाकडे झुकलेल्या गोणाईस ग्रासू लागली. तिने पुत्रास परोपरीने समजाविले. तो ऐकेना, तेव्हा तिने राऊळात जाऊन प्रत्यक्ष विठ्ठलाशीच भांडण मांडले व आपला मुलगा परत मागितला.

महाराजांनी भक्तिमार्ग सोडला नाही आणि गोणाईनेही आपले गाऱ्हाणे सोडले नाही. दोघांचेही दुःख खरे होते. विशेष हे की, मातेची ही तक्रार संप्रदायाने झाकून ठेवली नाही. गोणाईच्या मुखातील अभंग नामदेव गाथेत आजही आहेत. एवढ्या थोर संताच्या गाथेत त्याच्या आईचा रागही आदराने जपला गेला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

औंढा नागनाथ येथे महाराजांना विसोबा खेचर यांचा गुरूपदेश लाभला. इ.स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्यानंतर नामदेव महाराजांनी भागवत धर्माची पताका थेट पंजाबात नेली. तेथील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते व त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत.

वारकरी परंपरेनुसार शके १२७२ (इ.स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस, वयाच्या ८० व्या वर्षी, महाराजांनी पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली. त्यांच्यासमवेत माता गोणाई, अन्य कुटुंबीय व गंगाखेडच्या जनाबाई याही समाधिस्थ झाल्या, अशी श्रद्धा आहे. ज्या देवाच्या दारी मातेने पुत्र परत मागितला, त्याच दारी मायलेक कायमचे एकत्र आले.

पंढरपुरी नामदेव पायरीवर मस्तक ठेवताना भाविकांनी या माउलीचेही स्मरण करावे. घरी वृद्ध आई असेल, तर तिचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घ्यावे. तीही एक सेवाच होय.